रुळाच्या माथ्यावरचा गंज

रेल्वेची लाइन चालू आहे की बंद, हे कळायला वेळापत्रक लागत नाही. रुळाकडे पाहायचं. चालू लाइनवर रुळाच्या दोन्ही बाजू तपकिरी असतात आणि माथ्यावर, जिथे चाक घासतं तिथे, पांढरी चकाकती पट्टी असते. गाड्या थांबल्या की पहिल्याच पावसात त्या पट्टीवर केशरी पूड धरते. पुढे ती तपकिरी होते, मग काळसर. काही वर्षांनी माथा कुठे संपतो आणि बाजू कुठे सुरू होते, तेच कळत नाही.

मी वऱ्हाडातल्या एका नॅरोगेज स्टेशनाचा डायोरामा बनवते आहे. प्लायवूडच्या फळीवर, ४८ पट लहान. त्यात रुळाच्या माथ्याला चकाकी द्यायची की गंज, हा प्रश्न वरवर दोन मिनिटांचा आहे. चकाकी हवी असेल तर बारीक पॉलिशपेपर फिरवायचा, गंज हवा असेल तर ब्रश. पण हात चालवण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: फळीवर साल कोणतं आहे? आणि साल ठरवायला बसलं की मॉडेल बाजूला राहतं आणि आपण इतिहासात शिरतो.

हे स्टेशन शकुंतला रेल्वेवरचं. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर अशी सुमारे १९० किलोमीटरची ही लाइन. मूर्तिजापूर मध्ये, तिथून एक फाटा अचलपूरला, दुसरा कारंजा-दारव्हा करत यवतमाळला. आमचं कामरगाव कारंजा तालुक्यातलं, पण लाइनवर नाही. आमच्याकडे शकुंतला म्हणजे कारंज्याला गेल्यावर दिसणारी गोष्ट. कदाचित म्हणूनच ती बनवावीशी वाटली. रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे माणूस इतकं निरखून पाहत नाही.

आधी लाइन

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि गिरणीवाल्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर पडली. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मोठी लाइन वऱ्हाडातून नागपूरपर्यंत गेली. पण ती लाइन कापूस पिकवणाऱ्या सगळ्या तालुक्यांना शिवत नव्हती. यवतमाळ, दारव्हा, कारंजा बाजूला राहिले. कारंजा तर जुनं श्रीमंत व्यापारी गाव. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी कारंजा लुटलं, ते तिथे लुटण्यासारखं काही होतं म्हणूनच.

ही फट बुजवायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीनं नॅरोगेज लाइन टाकली. रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. लाइनची मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ही लाइन त्यातून सुटली. मालक खासगी कंपनी आणि गाड्या चालवणार भारतीय रेल्वे, अशी विचित्र जोडी कित्येक दशकं टिकली. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून या लाइनवर धावलं आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झालं. त्याच्या जागी डिझेल आलं. शेवटच्या काळात गाडी ताशी वीस किलोमीटरच्या आसपास चालायची. गाडीवरचे मोजके कर्मचारीच तिकिटं द्यायचे, डबे जोडायचे-सोडायचे, सिग्नलही तेच बघायचे. २०१६ मध्ये ही लाइन ब्रॉडगेज करण्याचा निर्णय जाहीर झाला. नॅरोगेजची गाडी थांबली. रुळांवर गवत आलं.

माझ्या मापात हे सगळं असं बसतं: ७६२ मिलिमीटरला ४८ नं भागलं की १५.९ मिलिमीटर येतात. बाजारात मिळणारा एचओ मापाचा मॉडेल ट्रॅक १६.५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे जवळपास तोच. जगभर अडीच फुटी लाइनची मॉडेलं याच जोडीनं बनतात. साडेपाच फुटी माणूस साडेतीन सेंटिमीटरचा होतो. ताशी वीस किलोमीटरची गाडी सेकंदाला साडेअकरा सेंटिमीटर सरकते, गोगलगायीहून जलद आणि मुंगळ्याहून थोडी बरी. १९० किलोमीटरची अख्खी लाइन बनवायची म्हटली तर चार किलोमीटर जागा लागेल. म्हणून एकच स्टेशन.

डायोरामा हा शब्द

हा शब्द मॉडेलवाल्यांचा नाही. १८२२ मध्ये पॅरिसला लुई दागेर आणि शार्ल बुताँ यांनी एक नवा तमाशा सुरू केला. भल्यामोठ्या अर्धपारदर्शक कापडावर दोन्ही बाजूंनी चित्र रंगवायचं आणि पुढून-मागून प्रकाश बदलत न्यायचा. प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत दिवसाची रात्र व्हायची. एक देखावा संपला की प्रेक्षकांसकट जमीन फिरायची आणि दुसरा देखावा समोर यायचा. त्याचं नाव डायोरामा. १८३९ मध्ये दागेरचं हे थिएटर जळालं, आणि त्याच वर्षी त्याचं छायाचित्रणाचं तंत्र जगासमोर आलं. दिसणारं जग पकडून ठेवायची त्याची हौस एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात गेली.

पुढे हा शब्द संग्रहालयांनी उचलला. १८९० मध्ये अमेरिकेत मिलवॉकीच्या संग्रहालयात कार्ल एकली यानं मस्करॅट नावाच्या पाणउंदरांचा देखावा केला. पेंढा भरलेला प्राणी नुसता कपाटात न ठेवता त्याचं तळं, गवत, बीळ, मागे रंगवलेलं आकाश, सगळं उभं केलं. प्राणी कळायचा तर त्याची जागा कळली पाहिजे, हा त्यामागचा विचार. मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, १९२० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मदतीनं निसर्गविभाग उभा राहिला. एस. एच. प्रेटर यांनी त्याला आकार दिला आणि तरुण सलीम अली तिथे लोकांना माहिती सांगायच्या कामावर होते. त्या विभागातले देखावे आजही पाहता येतात.

त्याच्याही आधी भायखळ्याला, आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, मातीच्या छोट्या माणसांचं जग जमू लागलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेसिल बर्न्स हे जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्राचार्यही होते आणि या संग्रहालयाचे क्युरेटरही. त्यांच्या काळात इथले व्यवसाय, वेशभूषा आणि गावगाडा दाखवणारी मातीची मॉडेलं झाली. ती पाहताना दोन गोष्टी एकदम जाणवतात. बनवणाऱ्या बोटांची कमाल एक. आणि दुसरी अशी की त्या देखाव्यातला प्रत्येक माणूस म्हणजे एक ‘प्रकार’ आहे. हा कुंभार, ही कोळीण, हा भिस्ती. कोणाचाच सदरा घामानं चिकटलेला नाही, कोणाच्याच धोतराला गुडघ्यावर माती नाही. राज्यकर्त्याला प्रजेची यादी हवी असते आणि यादीतला माणूस स्वच्छ असतो.

मॉडेल बनवण्याचं शिक्षण घेतलेला एक मराठी माणूस तुम्हाला दुसऱ्याच कारणासाठी ठाऊक आहे. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले आणि १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांच्या आदर्श नाट्यगृहाच्या मॉडेलला सुवर्णपदक मिळालं. ‘राजा हरिश्चंद्र’च्या एकवीस वर्षं आधी. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. एका खोलीएवढ्या शहरातून गाड्या धावतात, सिग्नल बदलतात, अंधार पडला की खिडक्यांत दिवे लागतात. मला ते शहर युरोपातल्या एखाद्या नीटनेटक्या गावासारखं दिसतं, आणि तिथून निघताना दर वेळी हाच विचार येतो की असं आपलं मळकं, उन्हानं पांढरं पडलेलं गाव कोणी का करत नाही.

पण ‘आपल्याकडे हे नव्हतं’ असं म्हणायला मी तयार नाही. पश्चिम महाराष्ट्रात पोरं दिवाळीत किल्ला करतात, अहळीव-मोहरी पेरून त्यावर रान उगवतात. आमच्या विदर्भात तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल चाकांवर निघतात. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. मातीचे भुलाबाई-भुलोजी, मागे ज्वारीच्या धांड्यांचं माखर. धांड्याची साल सोलून आतल्या भेंडाची बैलगाडी करणं हे तर आमच्या आजीपर्यंत सगळ्यांना येत होतं. साल म्हणजे खिळा, भेंड म्हणजे लाकूड. चाकासहित गाडी, दहा मिनिटांत, फुकट. माझ्या स्टेशनाबाहेरच्या गाड्यांची जोखडं धांड्याच्या सालीचीच आहेत. प्लास्टिकचं काही त्या जाडीत इतकं ताठ मिळालं नाही.

मळ कधी आला

आता त्या मळाकडे येऊ. या छंदात वस्तू जुनी, वापरलेली, ऊन-पावसाची दाखवण्याला वेदरिंग म्हणतात. गंमत म्हणजे हा छंद बराच काळ चकचकीतच होता. मॉडेल रेल्वे खेळणं म्हणून जन्माला आली आणि खेळणं नवं असतं. ते नवेपण मोडणाऱ्यांत कॅलिफोर्नियाचा जॉन अॅलन ठळक. हा पेशानं छायाचित्रकार. दुसऱ्या महायुद्धानंतर माँटेरे इथल्या घराच्या तळघरात त्यानं जी डोंगरी रेल्वे रचली तिथली इंजिनं काजळलेली, घरांचे रंग उडालेले, फलाट कुजलेले होते. कॅमेऱ्यातून पाहायची सवय असलेल्या माणसाला कळलं होतं की नवी कोरी वस्तू फोटोत खोटी दिसते. १९७३ च्या जानेवारीत तो गेला आणि थोड्याच दिवसांत त्या घराला आग लागून रेल्वेही गेली. उरले ते फोटो.

१९७० च्या दशकात रणगाड्यांची मॉडेलं करणाऱ्यांनी मळ पुढे नेला. अमेरिकेचा शेप पेन आणि बेल्जियमचा फ्रान्स्वा व्हर्लिंडेन ही त्यातली मोठी नावं. पातळ गडद रंगाचा हात देऊन खाचांत सावली भरायची, आणि ब्रश जवळजवळ कोरडा करून कडांवर उजेड ओढायचा, ही जोडी घरोघर पोचली ती अशांमुळे. आता तर मळासाठी वेगळ्या बाटल्या विकत मिळतात: ‘ताजा गंज’, ‘जुना गंज’, ‘इंजिनाचं तेल’.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळची वाटते ती फ्रान्सेस ग्लेसनर ली. या अमेरिकन बाईनं १९४० च्या दशकात बारा पट लहान खोल्या बनवल्या. प्रत्येक खोलीत एक मृत्यू. पोलिसांना तपास शिकवण्यासाठी. तिनं टाचण्यांवर इवलेसे मोजे विणले, कारण मोज्याला पडलेलं भोक हा पुरावा असू शकतो. तिथे डाग ही सजावट नाही. डाग म्हणजे साक्ष. आपण तो कुठून आला हे विचारलं नाही, तर खोली निरुपयोगी.

हाच नियम मी उचलला आहे. माझ्या फळीवर एकही डाग असा नको की ज्याला ‘का?’ विचारलं तर उत्तर नाही.

वऱ्हाडचा मळ वेगळा असतो

यूट्यूबवर वेदरिंग शिकायला बसलात तर दहापैकी नऊ जण तुम्हाला ओला मळ शिकवतील. शेवाळ, चिखल, हिरवे ओघळ. ते इंग्लंडचं, जर्मनीचं हवामान. कोकणातल्या स्टेशनालाही चालेल. पण वऱ्हाडात वर्षातले आठ महिने हवा कोरडी आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे. इथे लोखंड किनाऱ्यापेक्षा सावकाश गंजतं आणि रंग मात्र झपाट्यानं मरतो. उन्हानं तेलरंगाची चमक जाते, वर पांढरट भुकटी येते, बोट फिरवलं तर बोटाला लागते. म्हणून माझ्या पाट्यांवर गंज थोडा आणि फिकेपणा जास्त आहे. मूळ रंगात पांढरा मिसळून दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या भिंती आणखी उडवल्या आहेत. उत्तरेची भिंत जरा तरतरीत.

छपराचे पत्रे जस्ताचा थर असलेले. त्यांचा गंज सगळीकडे सारखा पसरत नाही. जस्त आधी राखाडी होतं, मग जिथे ते फुटलेलं आहे तिथून लोखंड बोलायला लागतं: खिळ्यांची भोकं, कापलेल्या कडा, दोन पत्रे एकमेकांवर चढतात ती जागा. तिथून ओघळ खाली, उताराच्या दिशेनं. पत्र्याच्या मधोमध गोल गंजाचा डाग दिसला तर समजावं की बनवणाऱ्यानं पत्रा पाहिलेला नाही.

रंगाचा क्रमही काळाच्या क्रमानंच लावायचा. खाली गंजाचा रंग, त्यावर केसांना मारायचा हेअरस्प्रे, त्यावर वरचा रंग. मग ओल्या ब्रशनं चोळलं की हेअरस्प्रे विरघळतो, वरचा रंग टवके होऊन निघतो आणि आतला गंज उघडा पडतो. हेअरस्प्रे नसेल तर खडेमीठ. ओल्या पृष्ठभागावर मिठाचे कण चिकटवायचे, वरून रंग, वाळल्यावर मीठ झटकून टाकायचं. खरी वस्तूही अशीच जुनी होते, वरून आत.

गंजासाठी मी बाटली आणली नाही. गेरू वापरते. ज्या गेरूनं आमच्याकडे भिंतीचा खालचा पट्टा रंगवतात, तो मुळात लोखंडाचाच ऑक्साइड. म्हणजे गंजाची नक्कल करायला गंजच. सोबत काजळी, विटेची भुकटी आणि चुना. वाफेच्या काळातल्या पाण्याच्या टाकीखाली क्षारांचे पांढरे ओघळ हवेत, ते चुन्याचे. रुळांच्या मधोमध तेलाचा काळा पट्टा, इंजिन थांबतं तिथे दाट. फलाटाजवळच्या गिट्टीवर तपकिरी धूळ, कारण ब्रेक तिथे लागतात आणि ब्रेकचं लोखंड झिजून तिथेच पडतं.

सर्वांत जास्त वेळ मातीनं खाल्ला. कामरगावची काळी माती वावरातून आणली आणि ओढणीतून चाळली. चाळावीच लागते, कारण अर्ध्या मिलिमीटरचा कण माझ्या मापात अडीच सेंटिमीटरचा खडा होतो. पण खरा प्रश्न भेगांचा होता. उन्हाळ्यात आमच्या वावरात पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात. या मातीचा चिकण भाग पाणी पिऊन फुगतो आणि वाळला की आक्रसतो, त्यामुळे. माझ्या फळीवर त्या भेगा एक-दीड मिलिमीटरच्या हव्यात. यात मातीच मदत करते, कारण दोन भेगांमधलं अंतर थराच्या जाडीवर ठरतं. जाड थर, लांबलांब भेगा. पातळ थर, जवळजवळ भेगा. तीन मिलिमीटरचा थर सावकाश सावलीत वाळवला की वावर आपोआप मापात येतं. कोरायची गरज नाही. आणि ओली असताना काळी दिसणारी ही माती वाळल्यावर राखाडी होते. मुंबई-पुण्याच्या लोकांना फोटो दाखवला की ते म्हणतात, ‘काळी माती एवढी फिकी?’ त्यांनी ती पावसाळ्यातच पाहिलेली असते.

कापूस मात्र मापात येत नाही. खऱ्या बोंडातला एक धागा मिलिमीटरच्या साधारण पन्नासाव्या भागाएवढा जाड असतो. तो ४८ पट लहान जगात ठेवला की मिलिमीटरभर जाड होतो, म्हणजे सुतळीच. इतका बारीक धागा, तरी या जगासाठी जाडाच. हंगामात कापसाच्या गाड्या गेल्या की रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांवर पांढरे पुंजके अडकून राहतात, ते दाखवायला मी शेवटी बारीक चॉकची भुकटी वापरली. खरा कापूस खोटा दिसत होता.

कोणतं साल

आता सालाचा प्रश्न.

पहिला पर्याय १९२५ चा. नवं इंजिन, भरलेल्या गाठी, गजबजलेलं स्टेशन. दिसायला सर्वांत सुंदर. लोकांना तेच हवं असतं, कारण वाफेच्या इंजिनाला सगळं माफ असतं. पण १९२५ बनवायचं तर त्या गाठी कुठे जातात, हेही सांगावं लागेल. ‘मँचेस्टरला कापूस नेण्यासाठी इंग्रजांनी शकुंतला काढली’ हे वाक्य आमच्याकडे प्रत्येकाला पाठ आहे, आणि ते अर्धंच खरं आहे. इंजिन मँचेस्टरहून आलं हे पक्कं. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपला आखूड धाग्याचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना फारसा नको होता. तो मुंबईच्या गिरण्यांत जात होता, युरोपात जात होता आणि मोठ्या प्रमाणात जपानला. म्हणजे कारंज्याच्या बाजारात विकलेल्या बोंडाचा भाव ओसाकाच्या गिरण्यांशी बांधला गेलेला होता, आणि ज्याच्या वावरातून ते बोंड आलं त्याला त्याचा पत्ता नव्हता. शिवाय जिनिंगमध्ये कापसाच्या धुराळ्यात काम करणाऱ्या बाया, गाठी पाठीवर घेणारे हमाल. हे सगळे भायखळ्याच्या मातीच्या माणसांसारखे स्वच्छ करून उभे करायचे असतील तर १९२५ सोपं आहे. मला ते जमणार नाही.

दुसरा पर्याय आजचा. बंद लाइन, गवत, तुटलेल्या खिडक्या. वेदरिंगवाल्यांचा स्वर्ग. जगभर ओसाड जागांचे डायोरामा लोकप्रिय आहेत. पण ओसाडीचं एक वाईट असतं: ती पाहणाऱ्याला फार सहज हळहळू देते. जणू काहीतरी आपोआप मेलं, कोणी काही केलं नाही, आणि आता फक्त फोटो काढायचा. लाइनवरच्या गावांना हळहळ नको आहे, गाडी हवी आहे. ब्रॉडगेज व्हावी अशी मागणी करणारे लोक जुन्या रुळांचे शत्रू नाहीत. ज्याला पहाटे दवाखान्यात पोचायचंय त्याच्यासाठी ताशी वीस किलोमीटर हे सौंदर्य नाही. जुन्या नॅरोगेजची इंजिनं नीट जपलेली पाहायची असतील तर नागपूरला मोतीबागेत २००२ पासून संग्रहालय आहे. ते काम तिथे होतं आहे. माझ्या फळीचं काम वेगळं असायला हवं.

उत्तर मिळालं ते एका म्हाताऱ्या हमालाकडून. त्यांनी तरुणपणी मालधक्क्यावर पोती वाहिली होती. मी त्यांना मोबाइलवर माझ्या रुळांचे फोटो दाखवत होते, सगळे रूळ सारखेच चकचकीत. ते म्हणाले, ‘‘पोरी, गाळी कोणत्या पटरीवर येत होती अन् माल कोणत्या पटरीवर भरत होतो, हे येगळं येगळं पाह्य. गाळी तं रोज येत होती. मालाच्या पटरीत मात्र कवाचंच गवत वाढलं होतं.’’

एवढंच. पण त्यात सगळं होतं. शकुंतला एका दिवशी मेली नाही. आधी डांबरी रस्ते झाले, मग ट्रक आला. वावरातून थेट जिनिंगला, मध्ये चढ-उतार नाही. नॅरोगेजचा माल मूर्तिजापूरला पुन्हा मोठ्या गाडीत भरावा लागायचा. दोनदा हमाली, दोनदा वेळ. माल गेला, आणि ज्यासाठी लाइन टाकली होती तेच तिच्याकडे उरलं नाही. उरले प्रवासी, तेही असे की ज्यांना बसचं तिकीट परवडत नव्हतं. त्यांच्यावर नफा नव्हता. त्यामुळे दुरुस्ती नव्हती, त्यामुळे वेग नव्हता, त्यामुळे आणखी प्रवासी गेले. मुख्य रूळ चकाकत होता तेव्हाच बाजूचा रूळ गंजत होता. बंद होण्याच्या बातम्या पुष्कळ वर्षांनी आल्या.

म्हणून माझ्या फळीवर साल १९९४ आहे, महिना एप्रिल, पंधरा तारखेच्या अलीकडचा एखादा दिवस. कापसाचा हंगाम संपला आहे. वावरं उघडी, भेगाळलेली. वाफेचं इंजिन शेवटचे काही दिवस धावतं आहे. मुख्य रुळाच्या माथ्यावर मी पॉलिशपेपर फिरवला आहे. तिथे उजेड पडला की रेघ चमकते. मालाच्या रुळाला गेरूचे तीन हात दिले आहेत, वर काजळीचा एक पातळ हात, आणि स्लीपरांमधून वाळलेलं गवत. ते गवत म्हणजे जुन्या ब्रशचे केस. बाभळीवर चॉकची भुकटी आहे, पण ती रेल्वेच्या बाजूला नाही. रस्त्याच्या बाजूला आहे. कापूस आता तिकडून जातो.

फलाटावर अकरा माणसं आहेत. दोन बायांच्या डोक्यावर बोचकी, एक पोरगा खाली उतरून रुळावर कान लावतो आहे. हमालाची बाहुली मी मालधक्क्यावर बसवली आहे, रिकाम्या हातांनी. त्याच्या सदऱ्याच्या उजव्या खांद्यावरचा रंग मी जरा जास्त उडवला आहे, पोत्यांनी घासून उडतो तसा. साडेतीन सेंटिमीटरच्या माणसाच्या खांद्यावर तो डाग भिंगाशिवाय दिसत नाही. ज्यांनी मला ती गोष्ट सांगितली, त्यांना भिंग दिलं तेव्हा त्यांनी आधी इंजिन पाहिलं, मग गवत पाहिलं, मग खूप वेळ तो खांदा पाहिला. मग विचारलं, ‘‘पानी प्याची टाकी कुठी हाये?’’

टाकी फलाटाच्या दुसऱ्या टोकाला आहे. प्रवाशांच्या नळाखाली ओल अजून द्यायची आहे.